आपोआप जुळणाऱ्या फायबर जाळ्याला दुसरी वाट हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या कामाविषयी आपल्या दैनिकात नुकताच एक सविस्तर वृत्तान्त आला आहे. नव्या जाळ्यातील स्विच आणि राउटर (माहिती योग्य वाटेने पुढे धाडणारी उपकरणे) स्वतःची मांडणी, म्हणजे सेटिंग, स्वतःच करून घेतील, केबल तुटली तरी माहितीची वाहतूक दुसऱ्या बाजूने आपोआप वळेल आणि जागेवर माणूस पाठवण्याची गरज जवळपास उरणार नाही, असे त्यात म्हटले आहे. दूरसंचाराच्या पारेषण विभागात नोकरीचा बहुतेक काळ काढलेला अभियंता म्हणून यांतील पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे आणि कामे सुरू असतानाच ते मांडलेले बरे, म्हणून हा पत्रप्रपंच.

स्वयंचलित मांडणीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या उमेदीच्या काळात दोन मेगाबिटची एक लिंक द्यायची तरी दोन्ही टोकांच्या एक्स्चेंजमध्ये माणूस उभा करावा लागे. डीडीएफच्या, म्हणजे लिंका एकमेकींना जोडण्याच्या, चौकटीवर जंपरची तार टाकून, फोन खांद्यात धरून ‘लूप दे’, ‘आता काढ’ असे एकमेकांना सांगत ती तपासावी लागे, आणि मधल्या एखाद्या स्टेशनचा माणूस जेवायला गेला असेल तर सगळे काम तासभर खोळंबे. त्या पद्धतीने आजचे जाळे उभे राहणे शक्यच नाही. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे होते. पुढे या योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने हे काम महाआयटी या सरकारी कंपनीमार्फत स्वतःच्या अंगावर घेतले. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मान्यता मिळाली, तेव्हा ग्रामपंचायतींचा आकडा २ लाख ६४ हजारांवर गेला होता. एवढ्या ठिकाणच्या पेट्यांमध्ये हाताने आज्ञा टंकित करायच्या म्हटल्या तर माणसे पुरणार नाहीत, आणि पुरली तरी प्रत्येकाच्या हातून वेगळ्या प्रकारची चूक होईल, ही त्याहून मोठी अडचण आहे.

शिवाय आपोआप होणारे काम किती नेमके असते, हे पाहण्यासारखे आहे. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक ओएलटी (मुख्य पेटी) आणि ग्रामपंचायतीत एक ओएनटी (गावाकडची पेटी), अशी जीपॉन पद्धतीची, म्हणजे एक फायबर अनेकांत वाटून घेण्याची, रचना होती. एकाच फायबरच्या फाट्यांवर अनेक गावे असतात. सगळ्यांनी एकदम प्रकाश सोडला तर तालुक्याला काहीच उमगणार नाही, म्हणून प्रत्येकाला बोलण्याची वेळ ठरवून दिलेली असते. नवी ओएनटी जोडली जाते तेव्हा ओएलटी अधूनमधून इतरांना क्षणभर गप्प बसवते आणि कोणी नवे आले आहे का, याची चाहूल घेते. त्या फटीत ओएनटी आपला अनुक्रमांक कळवते. मग ओएलटी तिच्यापर्यंतचे अंतर मोजते. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे २० किलोमीटरवरच्या गावाची जाऊन-येऊन वेळ सुमारे २०० मायक्रोसेकंद होते. जवळच्या गावाने त्या हिशेबाने जास्त थांबावे आणि दूरच्याने कमी, अशी प्रत्येकाची थांबण्याची वेळ ठरते, म्हणजे तालुक्याच्या दृष्टीने सगळी गावे एकाच अंतरावर येतात. त्यानंतर त्या अनुक्रमांकाच्या नावे नोंदवलेली सेवा, वेग आणि व्हीलॅन (वाहतुकीचा वेगळा कप्पा) ओएनटीवर उतरवले जातात. हे सगळे काही सेकंदांत होते. माणसाने हे हाताने करण्याचा विचारही करू नये.

मात्र यात अनुक्रमांकाची नोंदवही बरोबर असणे गृहीत धरलेले आहे. वीज पडून एका गावची पेटी जळते, तंत्रज्ञ घाईत दुसऱ्या गावासाठी ठेवलेली पेटी तिथे लावून मोकळा होतो आणि नोंद करायची राहून जाते. यंत्रणा इमानेइतबारे त्या पेटीला दुसऱ्या गावाची मांडणी देऊन टाकते. दिवा हिरवा लागतो, वरच्या पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि गावातले सेवा केंद्र मात्र ठप्प असते. हाताने काम करणारा जुना माणूस निदान गावाचे नाव विचारून खात्री करून घेत असे.

सुधारित कार्यक्रमात पहिल्या टप्प्यातली सरळ रेषेची रचना सोडून तालुके आणि ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायच्या आहेत, त्यांवर राउटर बसवायचे आहेत, आणि ज्याने जाळे उभारायचे त्यानेच ते दहा वर्षे चालवायचे आहे. हा निर्णय योग्यच आहे. रिंगमध्ये प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट असते. ईथरनेट स्विचच्या रिंगमध्ये एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर माहितीची तीच पाकिटे गोल गोल फिरत राहतील. केबल तुटल्याबरोबर शेजारचे स्विच सर्वांना तसे कळवतात आणि बंद दुवा उघडतो. हे सारे ५० मिलिसेकंदांत व्हावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. दुरुस्ती झाल्यावरही यंत्रणा लगेच जुन्या वाटेवर परतत नाही. जोड पक्का आहे ना, हे पाहण्यासाठी ती सहसा पाच मिनिटे थांबते. घाटात किंवा रस्ता रुंदीकरणाच्या कामात जेसीबीच्या दातांखाली किती केबली जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या ५० मिलिसेकंदांची किंमत कळेल. खोदकामापूर्वी कळवण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले, ते उगाच नव्हे.

येथे एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. नकाशावरची रिंग जमिनीवर रिंग असेलच, असे नाही. खोदाईचा खर्च वाचवण्यासाठी रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून किंवा एकाच पुलाच्या कठड्यावरून नेलेल्या असतील तर एकाच फटक्यात दोन्ही तुटतात, आणि मग स्विच कितीही हुशार असला तरी त्याला वळायला वाटच राहत नाही. असा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

तरीही केबल तुटण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. ओटीडीआर हे फायबर तपासण्याचे यंत्र लावले की तुटलेली जागा कळते, स्प्लायसिंगची, म्हणजे फायबर सांधण्याची, गाडी जाते, जोड होतो. मला काळजी वाटते ती केबल धडधाकट असताना जाळे बंद पडण्याची. असे घडलेले आहे आणि त्याचा सविस्तर सरकारी अहवाल उपलब्ध आहे.

अमेरिकेतील सेंच्युरीलिंक कंपनीच्या ऑप्टिकल जाळ्यात २७ डिसेंबर २०१८ रोजी डेन्व्हर येथील एका नोडमधल्या (जाळ्याच्या जोडकेंद्रातल्या) स्विचिंग मॉड्यूलने चार सदोष पाकिटे आपण होऊन तयार केली. उपकरणे इन्फिनेरा कंपनीची होती. सदोष पाकिटे एरवी तिथल्या तिथे टाकून दिली जातात. पण या चार पाकिटांचे शीर्षक आणि तपासबेरीज (चूक ओळखण्याचा आकडा) बरोबर होती, त्यांचा पत्ता ‘सर्वांसाठी’ असा होता, त्यांना मुदत नव्हती आणि ती ६४ बाइटपेक्षा मोठी असल्याने गाळणीतून निसटली. जाळ्यात बिघाड झाल्यास वाहतूक झटपट आपोआप वळवता यावी, म्हणून नोडनोड एकमेकांशी बोलण्याकरिता उत्पादकाने एक खास वाहिनी ठेवली होती, त्या वाहिनीवर ही पाकिटे गेली. प्रत्येक नोडने ती आपल्या सर्व शेजाऱ्यांना पाठवली, शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना आणि ज्यांच्याकडून आली त्यांनाही. नोडची सारी गणनशक्ती त्यातच संपली. एकाच नोडमधल्या दोन लाइन मॉड्यूलना (फायबरशी जोडलेल्या भागांना) जाणारी आज्ञा एकाला मिळायची आणि दुसऱ्याला नाही, अशी अवस्था झाली आणि वाहतूक थांबली. फायबर कुठेही तुटलेली नव्हती.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार हा बिघाड जवळपास ३७ तास चालला. ३९ राज्यांतील सुमारे २ कोटी २० लाख ग्राहकांना त्याची झळ बसली, त्यांपैकी सुमारे १ कोटी ७० लाख लोकांना ९११ ही आपत्कालीन सेवा खात्रीने मिळेनाशी झाली आणि किमान ८८६ आपत्कालीन कॉल पोहोचलेच नाहीत. या अहवालातल्या दोन गोष्टी मला आपल्यासाठी विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की ती खास वाहिनी सेंच्युरीलिंक वापरतच नव्हती. उपकरण कारखान्यातून आले तेव्हाच ती चालू होती आणि कोणी बंद केली नाही. दुसरी ही की नोडच गुदमरल्यामुळे अभियंत्यांना जाळ्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचता येईना, आणि शेवटी माणसे प्रत्यक्ष जागेवर धाडावी लागली. ती पाकिटे मुळात का तयार झाली, याचा उलगडा तपासानंतरही कंपनीला किंवा उत्पादकाला झाला नाही.

हा काही एकमेव प्रकार नव्हे. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स कंपनीचे जाळे सुमारे २६ तास कोलमडले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहक त्यात सापडले. सात टप्प्यांच्या एका बदलातला तो सहावा टप्पा होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे कंपनीच्या गणिती पद्धतीने या टप्प्याची जोखीम ‘कमी’ ठरवली होती. त्यात मार्गांच्या माहितीवरची एक गाळणी काढली गेली, मध्यवर्ती राउटरवर मार्गांचा पूर लोटला आणि काही मिनिटांत ते बसले. जाळ्याची व्यवस्था पाहणारे जाळेही याच राउटरवर अवलंबून असल्यामुळे अभियंते बाहेर राहिले. त्यांचे स्वतःचे मोबाइलही त्याच कंपनीचे असल्याने त्यांना एकमेकांशी बोलणेही अवघड झाले, आणि मूळ कारण हाती लागायला सुमारे १४ तास गेले. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टसच्या सुमारे ९० राउटरनी, मार्गांची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर, स्वसंरक्षणासाठी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतले. ती मर्यादा उत्पादकाने कारखान्यातच ठेवून दिलेली होती. त्या दिवशी २,१४५ लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत.

या तीन प्रसंगांची तांत्रिक कारणे निराळी आहेत, पण पहिल्या दोन्हींत गाडे अडले ते एकाच ठिकाणी. ज्या वाटेने स्विचला आज्ञा जाते तीच वाट स्विचच्या बिघाडात बंद झाली. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखा हा प्रकार आहे. आपल्या ग्रामीण जाळ्यात ही शक्यता अधिक आहे, कारण गावापर्यंत मुळात एकच जाळे जाते आणि ग्राहकांची वाहतूक व देखभालीच्या आज्ञा दोन्ही त्याच्यावरून नेणे सर्वांत स्वस्त पडते. माझी मुख्य मागणी म्हणूनच एवढी आहे की, तालुका पातळीवरच्या प्रत्येक राउटरला आणि ओएलटीला मुख्य जाळ्याशी संबंध नसलेली दुसरी वाट कराराने बंधनकारक करावी. ती महागडी असण्याची गरज नाही. कन्सोल पोर्टला, म्हणजे उपकरणाला थेट आज्ञा देण्याच्या खोबणीला, जोडलेला एक साधा मोबाइल मोडेम आणि त्यात वेगळ्या कंपनीचे सिम, एवढ्याने काम भागते. वेगळ्या कंपनीचे म्हणताना तिचा टॉवर आपल्याच फायबरवर टांगलेला नाही ना, हेही पाहिले पाहिजे, कारण खेड्यापाड्यांत तसे असण्याची शक्यता बरीच असते. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक पेटीला अशी सोय देणे खर्चाचे होईल, हे मला मान्य आहे. तिथे तालुक्यात कन्सोल केबल आणि लॅपटॉप घेऊन निघू शकणारा, उपकरणाची ओळख असलेला माणूस हवा. ‘जागेवर माणूस पाठवण्याची गरज उरणार नाही’ या वाक्याला माझा आक्षेप आहे तो यासाठी. रोजच्या कामासाठी तो लागणार नाही हे खरे, पण वर्षातून एखाद्या दिवशी त्याच्यावाचून सारा तालुका अडेल, आणि त्या दिवशी त्याला भरती करून प्रशिक्षण देता येणार नाही.

बदल मागे घेण्याची सोयही स्वयंचलितच हवी. उपकरणांना दुरून मांडणी देण्याच्या नेटकॉन्फ या प्रमाणित पद्धतीत, उपकरणाने ती सोय दिलेली असल्यास, नवी मांडणी ‘तात्पुरती’ म्हणून लागू करता येते. ठरावीक वेळेत, वेगळे काही सांगितले नसेल तर दहा मिनिटांत, अभियंत्याने ती पुन्हा कायम केली नाही तर उपकरण आपण होऊन जुन्या मांडणीवर परत जाते. चुकीच्या आज्ञेने उपकरणाशी संपर्कच तुटला तर कायम करणारी दुसरी आज्ञा पोहोचणार नाही आणि दहा मिनिटांत सर्व पूर्ववत होईल, इतके हे सरळ आहे. मूळ मानक २००६ चे आणि आजचे रूप २०११ चे, म्हणजे यात नवलाईही काही नाही. प्रश्न फक्त ती सक्तीने वापरण्याचा आहे. रात्री दोन वाजता शेकडो राउटरवर एकदम बदल उतरवण्याऐवजी आधी एका तालुक्यावर उतरवून दिवसभर थांबणे, हेही असेच साधे आणि घाईत हमखास टाळले जाणारे पथ्य आहे.

कारखान्यातून चालू येणाऱ्या पण आपल्याला न लागणाऱ्या सोयी बंद करण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही, डेन्व्हरचा प्रसंग पुरेसा बोलका आहे. सुरक्षेबाबत मात्र एक शंका मांडतो. नवा स्विच पेटीतून काढून लावला की तो जाळ्यावर आपली मांडणी देणारा सर्व्हर शोधतो आणि जे मिळेल ते उतरवून घेतो, ही पद्धत बंदिस्त डेटा सेंटरमध्ये चालून जाते. ग्रामपंचायतीच्या खोलीत, जिथे कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि खोलीची किल्ली गावातल्या चार जणांकडे असते, तिथे स्विचने सर्व्हरची आणि सर्व्हरने स्विचची ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवूनच पुढे जावे. त्याचेही प्रमाणित तंत्र २०१९ पासून उपलब्ध आहे.

शेवटचा मुद्दा माहितीचा. वर दिलेला तपशील मला लिहिता आला, कारण अमेरिकेत नियामकाने चौकशी करून अहवाल जनतेसमोर ठेवला, कॅनडात नियामकाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि ऑस्ट्रेलियात प्रकरण संसदीय समितीपुढे गेले. आपल्याकडे ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या नियमावलीनुसार, एखाद्या जिल्ह्यातील सर्व ग्राहकांची सेवा चार तासांहून अधिक काळ बंद राहिली तर कंपनीने २४ तासांत ट्रायला कळवणे बंधनकारक आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण चारच गावांची रिंग दोन दिवस बंद राहिली तर ती या व्याख्येत बसत नाही, आणि ग्रामीण जाळ्यातले बहुतेक खंड याच प्रकारचे असतात. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या जाळ्याच्या बाबतीत तरी प्रत्येक मोठ्या खंडाचे कारण, कालावधी आणि त्याआधी मांडणीत झालेला बदल यांची नोंद जिल्ह्याच्या संकेतस्थळावर यावी. रेशन दुकानातले यंत्र अडले, सातबारा निघाला नाही, की दुकानदाराला आणि तलाठ्याला बोल बसतो. खरे कारण तालुक्याच्या राउटरमध्ये असते, ते त्यांनाही ठाऊक नसते.

रिंग ताब्यात घेताना कंत्राटदार प्रकाशाचा ऱ्हास मोजून कागद देतो, तेवढ्यावर समाधान मानू नये. एका बाजूची पॅच कॉर्ड, म्हणजे जोडतार, सर्वांसमक्ष काढावी आणि वाहतूक वळते का, ते पाहावे. मग मुख्य जाळ्यावरून तालुक्याच्या राउटरपर्यंत जाणारी देखभालीची वाट मुद्दाम बंद करून, दुसऱ्या वाटेने तो किती मिनिटांत हाती येतो, हे घड्याळ लावून मोजावे. ही चाचणी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, पुन्हा घेतली जावी आणि तिचा निकाल त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जावा. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी संबंधित अधिकाऱ्यांना या चाचणीविषयी विचारून मिळालेले उत्तर आपल्या दैनिकात छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, सातारा